घारणवाडीची विहीर आणि डॉ. कोरे यांचे अडतीस लेख

प्रति,
मा. संचालक,
गोदाकाठ भूविज्ञान संशोधन संस्था,
नांदेड.

अर्जदार : श्रीमती सरजाबाई निवृत्ती जोंधळे, वय ४६, धंदा मजुरी, रा. घारणवाडी, पो. चाकूर, ता. अहमदपूर, जि. लातूर (नवा जिल्हा होण्यापूर्वी जि. उस्मानाबाद).

विषय : डॉ. मन्मथ महादेवप्पा कोरे यांच्या लेखनसूचीतून घारणवाडीच्या विहिरीसंबंधीचे लेख रद्द करून तसे एका ओळीचे पत्र गुरांच्या छावणीच्या अधिकाऱ्यांस बुधवारच्या आत देणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या संस्थेची वर्तमानपत्रातील जाहीर सूचना, दि. ६ एप्रिल १९८७.
२) छावणीचा हुकूम, दि. १८ एप्रिल १९८७.

महोदय,

१. अर्जदार ही मजूर बाई असून ती कोणत्याही शाळेत गेलेली नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला होती. मुकादम रोज हजेरीपटावर फुली मारी. ती फुली आपल्याच नावापुढे पडते की दुसऱ्याच्या, हे बघता बघता तिला अक्षर लागले. पुढचे शिक्षण तिने किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि गुरुजींनी टाकून दिलेले अंकगणिताचे पुस्तक यांवर केले आहे. अर्जात ‘मी’ लिहायचे नसते, ‘अर्जदार’ लिहायचे असते, असे चाकूरच्या अर्जनवीसाने सांगितल्यावरून ती स्वतःविषयी परक्या बाईसारखे लिहीत आहे. तरी यातला शब्दन् शब्द तिचा आहे.

२. आपल्या सूचनेप्रमाणे डॉ. कोरे यांचे नाव वरिष्ठ संशोधक या पदासाठी विचारात असून कोणाची हरकत असल्यास ३० एप्रिलपर्यंत मागविली आहे. सूचनेत त्यांचे काम असे दाखविले आहे : भूजल ११ लेख, मृदा ७, वनस्पती ६, पशुवैद्यक ५, साथरोग ५, भूकंप ४; एकूण अडतीस. इतर संशोधकांनी आपल्या लेखांत त्यांचा आधार दोनशे सतरा वेळा घेतला आहे. एका माणसाने सहा शास्त्रांत नाव काढले, असे नांदेडात दुसरे उदाहरण नाही, असेही छापले आहे. अर्जदाराचे डॉ. कोरे यांच्याशी वैर नाही. ते भले माणूस आहेत. तिचे म्हणणे एवढेच की, या दोनशे सतरा आधारांच्या तळाशी एकच विहीर आहे आणि ती कोरडी आहे.

३. हे कसे घडले ते थोडक्यात सांगते. थोडक्यात न जमल्यास क्षमा असावी.

सन १९८० मध्ये कोरे साहेब जीपने घारणवाडीस आले. गावच्या मोठ्या विहिरीचे पाणी दर महिन्याला लिहून ठेवणारे माणूस त्यांना पाहिजे होते. गावात लिहिता येणारी चार माणसे होती. तिघांनी काम फुकट आहे म्हणून नाही म्हटले. चौथी अर्जदार. साहेबांनी वही दिली. वहीत रकाने दोनच : तारीख आणि पाणी. गावात पाणी परसावर मोजतात हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. साहेबांनी एका परसाचे सहा फूट धरले आणि म्हणाले, “फुटांचं मी बघतो, तुम्ही परसातच लिहा.”

ती विहीर व्यंकटराव पाटलांच्या मळ्यालगत आहे. अर्जदार ही बौद्ध असल्याने तिने विहिरीच्या काठावर येऊ नये, असा गावचा रिवाज होता. कागदावर तसे कुठेही नाही. म्हणून ती महिन्याच्या पहिल्या तारखेस लिंबाखाली उभी राही, व्यंकटराव आत डोकावून ओरडत, “लिव्ह गं सरजे, पाच परस!” आणि ती पाच लिही व तो आकडा कार्डाने नांदेडला कळवी. विहीर आठ परस खोल. तीत पाच परस पाणी. गावात बारकं पोर असो की म्हातारा, कोणालाही विचारले तर तो तळापासूनच पाणी सांगतो. दुसरीकडून मोजता येते, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही.

कोरे साहेब नांदेडचे. घरात नळ. त्यांच्या शास्त्रात पाणी वरून मोजतात. जमिनीपासून पाण्यापर्यंत किती खाली जावे लागते ते. त्यांनी पाच वाचले आणि इंग्रजीत लिहिले : पाणी तीस फुटांवर. हे दुसऱ्या तऱ्हेने होऊ शकते, हे त्यांच्याही मनात आले नाही. त्यांनी विचारले नाही, अर्जदाराने सांगितले नाही. दोघांचा गुन्हा सारखा आहे.

४. सन १९८२ मध्ये जिल्हा फुटला. दफ्तरांचे गठ्ठे बांधून ट्रकमध्ये भरले गेले. त्यात जिल्हा कचेरीत जमा केलेली अर्जदाराची पहिली वही गेली. ती जुन्या जिल्ह्यात राहिली की नव्यात आली, हे आजतागायत कोणी सांगू शकलेले नाही. एकीकडे विचारावे तर दुसरीकडे बोट दाखवतात.

मग पाऊस गेला. त्र्याऐंशीत तीन परस. चौऱ्याऐंशीत दोन. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात अर्धा. त्या दिवाळीला व्यंकटराव आत डोकावले. मग हळूच म्हणाले, “काई न्हाई लिव्ह.” अर्जदाराने शून्य लिहिले.

नांदेडात ते असे वाचले गेले : अठरा फूट, बारा फूट, तीन फूट, शून्य फूट. भोवतालचा मुलूख करपत असता एका गावी पाणी वर वर चढत येऊन जमिनीला टेकले. साहेबांनी त्यावर लेख लिहिला. तो लेख परदेशात गेला.

५. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात विहीर खोल करायचे ठरले. पाणी होते तोवर अर्जदारास व तिच्या वस्तीला काठावर येण्यास मनाई होती. पाणी संपल्यावर आत उतरून गाळ काढण्यास कोणाची हरकत आली नाही. एकवीस दिवस खणून एक परस खाली गेले, तेव्हा काळा पाषाण लागला. ओलसुद्धा नाही. जुना तळ शून्य. त्याच्याही खाली एक परस गेलो तरी पाणी नाही, हे कसे लिहावे याचा अर्जदाराने फार विचार केला. अंकगणिताच्या पुस्तकात शून्याच्या खालचे आकडे दिले होते. तिने लिहिले : उणे एक. असा आकडा आपल्याला लिहिता आला, याचा तिला तेव्हा आनंद झाला होता, हे लपवीत नाही.

नांदेडात तो असा वाचला गेला : पाणी जमिनीच्या वर सहा फूट.

यावर लिहिलेल्या लेखात घारणवाडीची विहीर स्वयंप्रवाही, म्हणजे न उपसता आपोआप काठावरून वाहणारी, ठरली. दोनशे सतरापैकी एकशे एकोणीस आधार या एका लेखाचे आहेत.

६. गेल्या फेब्रुवारीत कोरे साहेब स्वतः आले, वाहते पाणी बघायला. सोबत छायाचित्रकार होता. रिवाज आता उरला नसल्याने अर्जदार त्यांच्याबरोबर काठापर्यंत गेली. साहेबांनी आत पाहिले. एक खडा टाकला. खडा दगडावर वाजला. साहेबांनी दुसरा टाकला.

“सरजाबाई, तुम्ही खालून मोजत होता?”

“मग? वरून काय मोजायचं साहेब? वर तर नुसती हवा हाय.”

साहेब काठावर बसले. छायाचित्रकाराला त्यांनी जीपमध्ये जाऊन बसायला सांगितले. थोड्या वेळाने म्हणाले, “मला एकदा विचारायचं.”

अर्जदार म्हणाली, “तुमी एकदा आत बघायचं.”

त्या दिवशी दुपारभर साहेब अर्जदाराच्या अंगणात बसून होते. पिशवीतून एकेक लेख काढून त्यांनी तिला मराठीत सांगितला. पाण्याचे लेख त्यांचे स्वतःचे, बाकीचे त्या त्या शास्त्रवाल्यांनी लिहून त्यांत साहेबांचे नाव घातलेले. मातीच्या लेखात लिहिले होते की, घारणवाडीची जमीन पाण्याने फुगून पाणथळ झाली आहे. वनस्पतींच्या लेखात होते की, इथले लिंब आणि बाभळी मुळांना पाणी जास्त झाल्याने वाळत आहेत. गुरांच्या लेखात होते की, शेळ्यांना दलदलीतल्या जंतांमुळे खंगलेपण आले आहे. पहिल्या दोन-तीन लेखांना आम्ही दोघे हसलो. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा अर्जदार म्हणाली, “पुसू नका साहेब, वहीत लिव्हते.” पुढे हसू येईना. कारण प्रत्येक लेखाच्या शेवटी आधी लिहिलेल्या लेखाचा आधार होता. मातीवाल्याने पाणीवाल्याचे मानले, झाडवाल्याने मातीवाल्याचे, गुरांवाल्याने दोघांचे. सहा शास्त्रे एकमेकांच्या खांद्यावर उभी, आणि सगळ्यांत खाली लिंबाखाली उभी राहून ऐकलेला आकडा.

भूकंपाच्या लेखांविषयी अर्जदारास वेगळे सांगायचे आहे. त्यांत म्हटले आहे की, पाणी आपोआप वर ढकलले जात असेल तर जमिनीच्या पोटात दाब वाढत असला पाहिजे. एकाने नकाशावर घारणवाडीपासून थेट किल्लारीपर्यंत रेघ ओढली आहे. पाणी वर आलेले नाही, हे अर्जदार शपथेवर सांगते. पण जमिनीच्या पोटात काही नाही, हे ती शपथेवर सांगू शकत नाही. चुकीच्या आकड्यावरून लिहिलेले सगळेच चूक असेल, असे तिच्या अंकगणितात नाही. ते लेख रद्द केल्यावरही कोणीतरी तिकडे जाऊन बघून यावे. स्वतःच्या डोळ्यांनी.

७. साथरोगाच्या लेखावरून काय झाले तेही कळावे. मार्चमध्ये फवारणीची माणसे आली. साचलेल्या पाण्यात औषध टाकण्याचा त्यांना हुकूम होता. सगळे गाव हिंडले, साचलेले पाणी सापडेना. औषध टाकल्याची नोंद तर करायचीच होती. अर्जदाराची शेजारीण कोंडाबाई हिच्या दारात रांजण होता. ते पाणी तिने नदीच्या पात्रात झिरा उकरून, वाटीवाटीने भरून, दोन कोस डोक्यावरून आणलेले होते. कोंडाबाई आडवी पडली. “आरं बाबांनो, हे साचलेलं न्हाई रं, साचवलेलं हाय!” म्हणाली. त्यांनी रांजणात औषध टाकले आणि वहीवर तिचा अंगठा घेतला. कोंडाबाईने ते पाणी ओतून दिले नाही. चार दिवस तिने ते नुसते बघितले. पाचव्या दिवशी प्यायली. तेव्हापासून तिच्या पोटात काही ठरत नाही. आपल्या अडतीस लेखांत कोंडाबाईचे नाव नाही, म्हणून इथे लिहिले.

८. कोरे साहेबांनी नांदेडला परतल्यावर लेख छापणाऱ्या मासिकास दुरुस्तीचे पत्र लिहिले. त्यांना आलेले उत्तर त्यांनी अर्जदारास दाखविले, ते असे : मूळ वही हजर केल्याशिवाय दुरुस्ती छापता येत नाही; शिवाय सदर निष्कर्षास इतर एकोणतीस लेखांनी दुजोरा दिलेला आहे. त्या एकोणतीस जणांपैकी घारणवाडीस कोणीही आलेला नाही, हे अर्जदार नमूद करते. गाव लहान आहे. कोणी आले तर कुत्री भुंकतात.

साहेबांनी मग पदासाठीचे आपले नाव मागे घेतो, सूचीतले लेख काढा, असे आपल्या संस्थेस लिहिले. नामांकन विचारात असताना सूचीत फेरफार करता येत नाही, असे त्यांना कळविण्यात आले. सध्या ते रजेवर असल्याचे सांगतात. गेल्या आठवड्यात त्यांचे कार्ड आले. “सरजाबाई, माझं म्हणणं माझ्याच लेखांपुढं टिकत नाही. तुम्ही अर्ज करा. पहिल्या लेखाच्या शेवटी स्थानिक निरीक्षक म्हणून तुमचं नाव छापलं आहे. तुम्हाला बोलायचा हक्क आहे.”

९. त्याआधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, व्यंकटराव अर्जदाराच्या दारात आले. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. आजवर ‘ए सरजे’ म्हणणारे व्यंकटराव त्या दिवशी ‘सरजाबाई’ म्हणाले, तेव्हाच तिला भीती वाटली. ते म्हणाले, “सरजाबाई, त्यांचं उलटं हाय ना? मंग आता वहीत पाच लिव्हा. लई पाणी हाय म्हणून लिव्हा. म्हंजी ते कोरडं समजतील.”

युक्ती वाईट नव्हती. अर्जदाराने एक दिवस विचार केला. पण आजवर तिने जे ऐकले ते लिहिले आणि जे पाहिले ते लिहिले. मनाने काढलेला आकडा लिहिलेला नाही. म्हणून तिने मार्चच्या नोंदीत त्यांच्याच रीतीने खरे लिहिले : वरून नऊ परस, पाणी नाही. आपल्या संस्थेकडून उत्तर आले की, ही नोंद आधीच्या नोंदींशी विसंगत असल्याने वगळण्यात आली आहे.

महोदय, सात वर्षांत बरोबर रीतीने मोजलेली ती एकच नोंद होती.

१०. आता छावणी. संदर्भ दोनच्या हुकुमाप्रमाणे बुधवार, दि. २९ एप्रिल रोजी घारणवाडीस गुरांची छावणी उघडत असून कंधार, मुखेड व अहमदपूर भागांतील तीन हजार दोनशे जनावरे तेथे येत आहेत. चारा ट्रकने येणार आहे. हुकुमातील चौथे कलम अर्जदार जसेच्या तसे उतरवते : “सदर गावी स्वयंप्रवाही विहीर असल्याने टँकर, इंजिन अथवा मोट यांची तरतूद आवश्यक नाही.” खाली आधार म्हणून डॉ. कोरे यांच्या सहा लेखांचे क्रमांक दिले आहेत, प्रत्येक शास्त्राचा एक.

अर्जदार चाकूरला छावणीच्या अधिकाऱ्यांना भेटली. साहेब तरुण आहेत, त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, “बाई, तुमचं खरं असंल. पण तुम्ही एकट्या म्हणता न्हाई, आणि अडतीस छापील कागद म्हणतात हाय. मी काय करू? संस्थेचं पत्र आणा. एक ओळ आणा. त्याच घडीला टँकर लावतो, निघालेली जनावरं दुसरीकडं वळवतो.”

घारणवाडीत सहाशे चाळीस माणसे आहेत. झिऱ्यावर एका बाईला घागर भरायला दोन तास लागतात. तीन हजार दोनशे जनावरांनी एका वेळेस नुसते तोंड ओले करायचे म्हटले तरी झिरा पहिल्या शंभरांतच संपेल. मग जनावरे काय करतील, हे अर्जदाराने बहात्तरात पाहिले आहे. ती ओरडत नाहीत. ती ओल्या मातीचा वास घेत उभी राहतात आणि उभ्याउभ्याच बसतात. माणसे झिऱ्याशी काय करतील, तेही तिने पाहिले आहे. ते अर्जात लिहिण्यासारखे नाही.

११. सबब विनंती अशी की,

घारणवाडीच्या विहिरीवर आधारलेले डॉ. कोरे यांचे सर्व लेख, ते कोणत्याही शास्त्रातले असोत, सूचीतून रद्द करावेत व त्यांच्या आधाराने जे उभे राहिले आहे तेही रद्द समजावे. चूक नोंदीची होती असे लिहावे आणि नोंद करणारीचे नाव द्यावे. साहेबांना दोष लावू नये. त्यांना बढती द्यायची की नाही ते आपण बघावे. पण चूक कळल्यावर पहिल्या गाडीने नांदेडला जाऊन “मी चुकलो” असे लिहिणारा माणूस आपल्याकडे दुसरा असेल तर त्याचेही नाव सूचनेत छापावे.

पहिला लेख रद्द झाला म्हणजे त्याच्या शेवटची ओळही जाईल. अर्जदाराचे नाव छापील अक्षरांत आलेली ती एकच जागा आहे. इंग्रजीत आहे, तिला ते नुसत्या आकारावरून ओळखता येते. तिची त्याला संमती आहे.

आणि एका ओळीचे पत्र. मजकूर सोपा व्हावा म्हणून तिने तयार करून दिला आहे : “घारणवाडीच्या विहिरीत पाणी नाही.” खाली आपली सही व शिक्का पुरे.

झाली चूक पदरात घेऊन, नऊ परस कोरड्या विहिरीच्या काठावरून,

सरजाबाई निवृत्ती जोंधळे
(सही)
घारणवाडी, सोमवार, दि. २७ एप्रिल १९८७

सोबत :
१. दुसऱ्या वहीची हाताने केलेली नक्कल (१९८२ ते मार्च १९८७). पहिली वही सापडल्यास कळवावे.
२. डॉ. कोरे यांचे कार्ड. वाचून परत करावे.
३. वर सांगितलेल्या पत्राचा मसुदा.

ता.क. अर्ज पाकिटात घालत असतानाच कंधारकडून एक माणूस आला. नाव दगडोबा. दोन बैल आणि एक गाभण गाय. छावणीत सावलीची जागा मिळावी म्हणून दोन दिवस आधी निघाला. मागे रस्ता गुरांनी भरलेला आहे, म्हणतो, टेकडीवरून धूळ दिसते. ज्या गावांतून ते आले तिथले पाणी पाजून संपवतच आले, त्यामुळे परत फिरायचे म्हटले तरी मागे काही नाही. काल दुपारपासून त्याच्या जनावरांनी पाणी पाहिलेले नाही. अर्जदाराने आपल्या घागरीतले गायीपुढे ठेवले. बैलांना पुरले नाही.

त्याने गाडीतून जनावरांना पाणी पाजायची लोखंडी डोण उतरवली, विहिरीच्या काठाला, उताराच्या बाजूला, नीट टेकण लावून ठेवली, आणि शेजारी बसला आहे. पाणी आपोआप वर येते, असे त्याला हुकूम वाचून दाखवणाऱ्याने सांगितले आहे. आत डोकावून बघ, असे अर्जदार दोनदा म्हणाली. “बगून काय करू आक्का, येतंय म्हणलं म्हंजी येतंय,” म्हणाला. मग त्याने विचारले, “कोणत्या टायमाला येतं?”

त्याला काय सांगावे, हे हा अर्ज घेऊन येणाऱ्या एस.टी.च्या परतीच्या फेरीने कळवावे, ही विनंती.